सूचना : १५ जानेवारीच्या फलकासाठी

वाचनगटाच्या सर्व सदस्यांना,

अल्फा कप्पा अल्फा या भगिनीसंघाच्या (अमेरिकेतल्या विद्यार्थिनींच्या संघटनेच्या) फलकाचा मजकूर पाठवताना संस्थापिकांचा आकडा नीट लावा. कुणी ९ लिहितं, कुणी १६. दोन्ही अर्धवट. १५ जानेवारी १९०८ ला वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात मूळ ९ जणी होत्या, त्याच वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गातल्या ७ जणी आल्या. १९१३ साली कायदेशीर नोंदणी झाली, त्या कामातल्या ४ धरून एकूण २०. म्हणूनच फलकावर मोतीही २० काढायचे, प्रत्येक संस्थापिकेमागे एक.

१९०८ च्या ओळीत 'एथेल हेजमन' लिहा. 'लाइल' हे लग्नानंतरचं आडनाव. ब्युला आणि लिली या दोन्ही बर्क मूळ नऊतल्याच, एकच समजून एक नाव गाळू नका. १९१३ च्या चौघींत नेलीही दोन आहेत : क्वांडर आणि प्रॅट रसेल.

सगळ्यात मोठी गफलत डेल्टा सिग्मा थीटा या दुसऱ्या भगिनीसंघाशी होते. तिच्या २२ संस्थापिका, तारीख १३ जानेवारी १९१३. विद्यापीठ तेच, महिनाही तोच, शिवाय त्या २२ जणी आधी अल्फा कप्पा अल्फातच होत्या. त्यांची नावं या फलकावर नकोत.

रंग सॅमन गुलाबी आणि सफरचंदी हिरवा. राणी कलर चालणार नाही.