सूचना: दिवाळीआधी कुत्र्या-मांजरांना मायक्रोचिप बसवून घ्या

सर्व पालक सभासदांना नमस्कार. फटाक्यांना घाबरून कुत्री पळतात, पट्टा निसटतो. म्हणून सणाआधी चिप बसवून घ्यावी, ही कळकळीची विनंती.

चिप तांदळाच्या दाण्याएवढी. डॉक्टर ती सुईने दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सोडतात, भूल द्यावी लागत नाही. तिच्यात बॅटरी नसते, त्यामुळे प्राणी कुठे आहे हे ती सांगत नाही (बऱ्याच जणांचा असा समज आहे). स्कॅनर फिरवला की फक्त १५ अंकी क्रमांक दिसतो. तो तुमच्या मोबाइल नंबरासह नोंदवलेला नसेल तर चिप असून नसल्यासारखी. नंबर बदलला की नोंदही बदला.

धोका म्हणाल तर कधी सूज येते, कधी चिप जागेवरून सरकते. तिथे गाठ झाल्याची उदाहरणं आहेत, पण अगदी विरळ. जीव हरवण्याची भीती मला त्याहून कितीतरी मोठी वाटते.

युरोपात नेणार असाल तर आधी चिप, मग रेबीजची लस. चिपआधी दिलेली लस तिथे ग्राह्य धरत नाहीत.

गळ्यातला नाव-नंबराचा बिल्ला काढू नका. रस्त्यात भेटणाऱ्याकडे स्कॅनर नसतो.