दादा, ठासणीच्या बंदुकीसाठी थँक यू

दादा, फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "सोड रे" म्हणून विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितोय.

पेनसिल्वेनियात ख्रिसमस झाला की फ्लिंटलॉकचा, म्हणजे गारेच्या ठिणगीने पेटणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा, शिकारीचा सीझन येतो आणि दुकानात, रेंजवर जो तो बंदुकीत दारू किती भरतो यावरच फुशारकी मारत असतो. तुम्ही मात्र आधी बंदुकीचं मॅन्युअल काढायला लावलंत, मॅक्सिममवर पेनाने गोल करायला लावलात आणि म्हणालात, याच्या पुढे जायचं नाही, आणि इथपर्यंत जायलाच पाहिजे असंही काही नाही. मग ५० ग्रेन (दारू मोजायचं एकक) पासून सुरुवात, ५-५ ने वर, प्रत्येक मापाला तीन-तीन गोळ्या, आणि प्रत्येक बार उडवल्यावर नळीत ओलसर कापड एकदा फिरवायचं, नाहीतर काजळी साठते आणि ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, उगाच पसरतो.

सगळ्यात भारी म्हणजे उडालेले पॅच, म्हणजे गोळीभोवती गुंडाळलेले ग्रीसचे कापडी तुकडे, गोळा करायला लावलेत ते! टार्गेट सोडून आपण दोघं गवतात चिंध्या शोधतोय, बाकीचे हसतायत. पण मधोमध जळालेला पॅच म्हणजे कापड पातळ किंवा ग्रीस कमी, कापल्यासारखा असेल तर नळीच्या तोंडाची किंवा आतल्या पिळदार खाचांची धार बघायची, हे त्या चिंध्यांवरूनच कळलं. माझ्या ५० कॅलिबरला (अर्ध्या इंचाच्या नळीला) ०.४९० इंचाची गोळी तीच ठेवून फक्त जाड कापड घेतलं आणि ग्रुप आवळला, दारू एक ग्रेनही वाढवली नाही.

गोळी ठासायच्या गजावरच्या दोन खुणा पण तुमच्याच, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या. गोळी दारूवर नीट टेकली नाही, मध्ये फट राहिली तर नळी फुगू शकते, फाटूही शकते, त्यामुळे खूण जुळल्याशिवाय मी घोडा ओढतच नाही. आणि हॉर्नमधून, म्हणजे दारू ठेवायच्या शिंगातून, डायरेक्ट नळीत ओतायचं नाही, आत ठिणगी राहिली असेल तर अख्खा हॉर्न हातात उडेल, हे तर तुम्ही ओरडूनच शिकवलंत :)

माझ्या इनलाइनवाल्या (नव्या पद्धतीची ठासणीची बंदूक वापरणाऱ्या) मित्रालाही तुम्ही वाचवलंत. तो काळ्या दारूचंच माप ट्रिपल सेव्हनला, म्हणजे काळ्या दारूऐवजी वापरायच्या पावडरला, लावणार होता, ती जोरकस असते, मापाने साधारण १५ टक्के कमी घ्यायची. आणि स्मोकलेस पावडर, म्हणजे आजच्या काडतुसांतली बिनधुराची दारू? ती घरात असली तर या बंदुकीच्या कपाटात नको, हा तुमचा नियम आम्ही दोघांनी पाळलाय.

तुमचं पितळी माप अजून माझ्याकडेच आहे. सीझनच्या आधी आणून देतो, वहिनींना सांगा जेवायलाच येईन.