तपासणी होते, दाढ भरायची कोणी?

मा. संपादक साहेब,

नमस्कार. मी वाळवा तालुक्यातली. माझी मुलगी चौथीत आहे आणि मागच्या महिन्यात तिची खालची दाढ काढावी लागली, ती पण पक्की दाढ. आम्ही घरात सगळे धरून चाललो होतो की दुधाची आहे, पडेल आणि दुसरी येईल. डॉक्टर मॅडमनी सांगितलं तेव्हा कळलं की साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागं जी दाढ येते ती कुठला दात पडून येत नाही, गुपचूप मागून येते, त्यामुळं आईबापाला पत्ताच लागत नाही, आणि ती एकदा गेली की परत येत नाही.

आता मला जास्त लागलंय ते पुढचं. पोरीच्या शाळेत तपासणी झाली होती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात शाळेतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते आणि दात किडणं पण त्यात बघतात. पथकानं दाढ बरोबर ओळखली, चिठ्ठी दिली, 'दात किडला आहे, दंतवैद्यांना दाखवा'. तेव्हा दाढेवर फक्त एक काळा ठिपका होता. मी चिठ्ठी घेऊन सरकारी दवाखान्यात गेले तर भरायचं सामान संपलंय, आठ दिवसांनी या म्हणाले, आठ दिवसांनी गेले तर दाताचे डॉक्टर त्या दिवशी नव्हते. रोज बुडवून किती वेळा जायचं? त्यात ऊसतोड चालू, मालक रात्री-बेरात्री ट्रॅक्टरवर, खाजगीत जाऊ म्हणत राहून गेलं. मधे दाढ ठणकायची, लवंगेचं तेल लावलं की पोरगी झोपायची. मग ठणकायचं आपोआप थांबलं आणि आम्ही निश्चिंत झालो. खरं तर आतली नस मेली होती म्हणून दुखत नव्हतं. दिवाळीनंतर एका रात्री गाल असा सुजला की डोळा उघडेना.

सासूबाई म्हणाल्या रिंगणीच्या बियांची धुरी दे, किडे पडतील. आमच्याकडं अजून पुष्कळ जण देतात. पण मॅडम म्हणाल्या दाढेत किडा नसतोच, तोंडातले जंतू गोडावर जगतात आणि ॲसिड सोडतात, त्यानं दात विरघळत जातो. वरच्या कडक थराला नस नसते म्हणून सुरवातीला काहीच दुखत नाही, आणि भरायची खरी वेळ तीच असते.

दाढ भरायची म्हटलं की लोकांना मशीनची, खर्चाची भीती वाटते. पण लहान खड्ड्याला मशीन लागतंच असं नाही. हातानं चालवायच्या हत्यारानं कीड खरवडून काढायची आणि ग्लास आयनोमर सिमेंट भरायचं, ही पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात सुरू झाली, जिथं लाईट नाही अशा गावांसाठीच. हे सिमेंट दाताला स्वतः चिकटतं आणि हळूहळू फ्लोराईड सोडतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलंय. दातासारख्या रंगाचं कंपोझिट, जे निळ्या लाईटनं कडक करतात, त्याच्याइतकं ते मजबूत नाही हे मान्य, मोठ्या खड्ड्याला ते पुरत नाही. पण माझ्या पोरीच्या ठिपक्याला पुरलं असतं. (चांदी भरून घ्या असं कोणी सुचवलं तर १५ वर्षाखालच्या पोरांना ती नकोच, त्यात जवळजवळ निम्मा पारा असतो आणि पाऱ्याचा वापर कमी करायला देशादेशांनी केलेल्या मिनामाता करारात २०२२ ला तसं ठरलंय. मोठ्यांनी जुनी चांगली बसलेली चांदी उगाच काढत बसू नये.)

माझी मागणी एवढीच आहे की तपासणीच्या पथकाबरोबर दाताचे डॉक्टर आणि हे सिमेंट पण शाळेत यावं, चिठ्ठी देण्याऐवजी दाढ तिथंच भरावी. एका वर्गात पाच-सहा पोरांच्या चिठ्ठ्या निघतात आणि त्यातली किती दवाखान्यापर्यंत पोचतात हे गुरुजींना विचारा. सुरवात पहिली-दुसरीपासून करा, तेव्हा ही दाढ नुकतीच आलेली असते. जूनला शाळा भरल्या की लगेच करा, कारण हंगाम सुरू झाला की आमच्या भागात आईबाप दिवसा घरी सापडत नाहीत.

आपली,
एक आई, ता. वाळवा, जि. सांगली