रविवारची बुद्ध सर्किट सहल : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांस नमस्कार. ग्रेटर नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर, म्हणजे मोटार शर्यतींच्या ट्रॅकवर, जायचे आहे. रविवारी पहाटे ४.३० ला महाराज बाड्यावरून गाड्या सुटतील. पाच मिनिटे वाट पाहू, जास्त नाही.

मुरैना, धौलपूर करत आग्र्याला कुबेरपूरहून यमुना एक्सप्रेस-वे धरायचा. रस्ता सिमेंटचा आहे, टायर तापून फुटतात. हवा शनिवारीच तपासून घ्या. जुने टायर असतील तर कृपया दुसऱ्याच्या गाडीत बसा, हा आग्रहच समजा. वेगमर्यादा ताशी १०० किमी आणि कॅमेरे आहेत. रेसिंग बघायला चाललोय, करायला नाही! फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. एक्सप्रेस-वेच्या शेवटी असलेल्या परी चौकापर्यंत जाऊ नका, सर्किट त्याआधीच लागते.

आत सोडतात ते कार्यक्रमाच्या तिकिटावर. एरवी फाटकावरूनच परत. तिकीट व ओळखपत्र जवळ हवे. ट्रॅक ५.१२५ किमीचा. २०११ ते २०१३ इथे फॉर्म्युला वन झाली, तिन्ही वेळा सेबॅस्टियन वेटेलच जिंकला. तिसऱ्या वळणानंतरची किलोमीटरभराची सरळ पट्टी चुकवू नका. तिच्या टोकाला गाड्या ब्रेक मारतात ते खरे बघण्यासारखे. मुलांच्या कानांसाठी कापूस घ्या.

मुरैन्याची गजक (तिळाची मिठाई) येताना घेऊ. जाताना कुणी थांबायचे नाही.

नावे शुक्रवारपर्यंत कळवावीत.

– सहल समिती, लष्कर, ग्वाल्हेर