गरगर फिरते म्हणून भारी नसते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा पुण्याहून पाहुणे आले, त्यांना ठोसेघरचा धबधबा दाखवून पुढं चाळकेवाडीच्या पठारावर नेलं. तर पाहुणे म्हणाले, कच्छमध्ये आम्ही एवढ्या मोठ्या पवनचक्क्या बघितल्या पण सगळ्या दमल्यासारख्या चालतात, तुमच्या बघा कशा गरगर फिरतायत! मी बरीच वर्षं याच मशिनच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो, म्हणून हे पत्र.

अहो, उलट आहे. आमच्याकडच्या बऱ्याचशा जुन्या मशिनचा जनरेटर सरळ ५० सायकलच्या ग्रिडला (वीजवाहिन्यांच्या जाळ्याला) बांधलेला, म्हणजे चार पोलचा (चुंबकाची चार टोकं असलेला) असेल तर तो मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या एखाद-दोन टक्के वर, बास. वारा वाढो नाहीतर पडो, पाती गिअरबॉक्समधनं कमी झालेल्या एकाच ठरलेल्या स्पीडला (काहींना दोन स्पीड असतात, आणि बिनगिअरची काही मशिन तेव्हाही होती, ती वेगळी). पात्याचं टोक वाऱ्याच्या साधारण सात-आठ पट वेगानं गेलं तर वाऱ्यातनं जास्तीत जास्त पॉवर निघते, मग वारा बदलला की स्पीड पण बदलायला नको का? जुन्याला ते जमत नाही, वरनं झोत आला की सगळा दणका गिअरबॉक्सवर, आणि रिअॅक्टिव्ह पॉवर (जनरेटरमधलं चुंबकीय क्षेत्र उभं करायला लागते ती) ग्रिडकडनंच ओढायची म्हणून ती जागेवर पुरवायला कपॅसिटर लावा, ते उडाले की आम्ही पावसात टॉवरखाली.

नवीन मशिनमध्ये कंट्रोलर वाऱ्याप्रमाणं स्पीड सोडतो-धरतो, जनरेटरची फ्रिक्वेन्सी काहीही असू दे, कन्व्हर्टर (फ्रिक्वेन्सी बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) ग्रिडला ५०च देतो. काहींत तर फक्त रोटरची (जनरेटरच्या आतल्या फिरत्या भागाची), म्हणजे साधारण ३० टक्केच पॉवर कन्व्हर्टरमधनं जाते, त्यामुळं तो स्वस्तात बसतो. वारा सेकंदाला १२ मीटरच्या आसपास गेला की पाती वळवून जादाचा वारा सोडून द्यायचा. व्होल्टेज क्षणभर पडलं तर जुनं मशिन लगेच ट्रिप, नवीन मात्र धरून राहतं, नाहीतर सगळी एकदम सुटली तर ग्रिड अजूनच बसणार.

आणि ते 'दमलेलं' १२० मीटर व्यासाचं चक्र मिनिटाला १२ फेरे घेत असेल तर त्याच्या पात्याचं टोक ताशी २७० किलोमीटरनं पळत असतं! पाहुण्यांना पटलं नाही, मोबाईलवर गुणाकार करून दाखवला.

माझं दुखणं वेगळंच आहे. वारा दुप्पट झाला की त्यातली पॉवर आठपट होते, आणि सगळ्यात चांगल्या वाऱ्याच्या जागा पहिल्यांदा आलेल्या छोट्या मशिननी अडवल्यात. जुनी काढून मोठी बसवायचं केंद्राचं धोरण २०१६ ला आलं, २०२३ ला सुधारलं. पण एका मोठ्या मशिनसाठी चार-पाच मालकांची छोटी मशिन काढायची तर कुणाचा वाटा किती, जमिनीचं काय, हे आधी मिटायला पाहिजे, आणि त्यावर कुणी बोलत नाही. तुमच्या पेपरात पवनचक्क्यांची बातमी आली की ढग पळवतात का हाच वाद, नाहीतर नुसते मेगावॉट. पुढच्या वेळी वर्षाला युनिट किती निघाले आणि जुन्या मशिनचं काय ठरलं तेवढं विचारा.

कळावे,
एक जुना वाचक, सातारा