दहा प्रश्नांत माणूस कळतो होय?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत 'दहा प्रश्नांत ओळखा तुमचं व्यक्तिमत्त्व' छापलंत, आमच्याकडे सगळ्यांनी सोडवलं, हसलो, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण खाली 'मानसशास्त्रावर आधारित' असं जे लिहिलंय ते मात्र खटकलं.

मानसशास्त्रज्ञ वापरतात त्या टेस्ट अशा नसतात हो. एमएमपीआय नावाची व्यक्तिमत्त्वाची टेस्ट घ्या, १९४३ ला आली, नंतर १९८९ ला सुधारली, त्या सुधारलेल्या टेस्टमध्ये ५६७ वाक्यं असतात आणि प्रत्येकाला फक्त बरोबर किंवा चूक म्हणायचं. गंमत म्हणजे त्यातली काही वाक्यं तुम्ही खोटं बोलताय का तेच बघायला घातलेली असतात, म्हणजे सगळ्यांच्यात असतात असे बारीकसारीक दोषसुद्धा जो 'छे, माझ्यात नाहीत' म्हणतो तो तिथेच सापडतो, आणि न वाचता टिकमार्क करत सुटलेला पण सापडतो. तुमच्या दहा प्रश्नांत हे कोण बघणार? आणि एवढं करूनही नुसत्या आकड्यावर कोणी निकाल देत नाही, मुलाखत घेतात, आधीची हिस्टरी विचारतात, गरज पडली तर घरच्यांशीही बोलतात.

दुसरं म्हणजे तुम्ही माणसांचे चार 'टाइप' पाडलेत. आज संशोधनात जास्त चालतं ते पाच गुणांचं मॉडेल, त्यात बहिर्मुखपणा, शिस्तशीरपणा, मनाची अस्थिरता वगैरे प्रत्येक गोष्ट कमी-जास्त प्रमाणात मोजतात, आणि बहुतेक लोक मधेच कुठेतरी येतात. मधल्या माणसाला जबरदस्तीने 'अंतर्मुख' च्या खान्यात टाकलं की पुढच्या महिन्यात तोच माणूस 'बहिर्मुख' निघतो, दोनचार उत्तरं इकडची तिकडे झाली की बस.

तरी निकाल वाचून सगळे म्हणतात, अगदी मीच की हा! याचं उत्तर १९४८ मधेच मिळालंय. बर्ट्राम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची टेस्ट घेतली आणि सगळ्यांना एकच वर्णन दिलं, तुमच्यात बरीच न वापरलेली क्षमता आहे, कधी तुम्ही मोकळे असता कधी अबोल, अशा छापाचं. पोरांनी ते किती अचूक वाटलं म्हणून ५ पैकी सरासरी ४.२६ मार्क दिले. वर्णनातली बरीचशी वाक्यं त्याने भविष्याच्या पुस्तकातून उचलली होती! तुमच्या पुरवणीत राशिभविष्य शेजारच्याच पानावर असतं, त्याखाली निदान 'खगोलशास्त्रावर आधारित' असं तरी लिहीत नाही तुम्ही.

तेव्हा क्विझ छापा, खुशाल छापा, पण त्यावर 'करमणूक' लिहा, कारण असल्याच प्रश्नांवर काही ठिकाणी नोकरीला माणसं निवडतात आणि पेपरात आलंय म्हटल्यावर त्यांना अजूनच जोर चढतो. आणि जमलं तर एखाद्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला विचारून खऱ्या टेस्टचा रिपोर्ट कसा तयार होतो यावर एक लेख द्या, आम्ही नक्की वाचू.

आपला एक नेहमीचा वाचक