उद्यमनगरातल्या मामांना जाहीर थँक्यू

मामा, नमस्कार. नाव लिहायचं नाही असा तुमचा दम आहे म्हणून नुसतं मामा लिहितोय, तसंही वर्कशॉपमध्ये सगळे मामाच म्हणायचे. समोर बसून बोललो असतो तर "बास कर लेका, चहा सांग" म्हणून तुम्ही विषय तोडला असता, त्यापेक्षा इथं सगळ्यांसमोर लिहून टाकतो.

निमित्त असं की आता नवीन पोरं माझ्या हाताखाली देतात. सीएनसी, म्हणजे प्रोग्रामवर चालणारा लेथ, शिकवायचं म्हणजे तोंड वाजवायचं एवढंच वाटत होतं, पण शिकवायला उभा राहिलो आणि कळायला लागलं की तुम्ही माझ्यासोबत नक्की काय करत होता. तेव्हा तर मी घरी जाऊन बायकोला सांगायचो, म्हातारा मुद्दाम छळतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमचे इचलकरंजीला माग होते, आबांच्या वेळचे. धंदा परवडेना, माग विकले, आणि पस्तिशीला आलेला मी वीस वर्षांच्या पोरांच्यात बसून सीएनसीचा क्लास करायला लागलो. तिथं पीपीटीवर सगळं कळायचं. त्याच काळात मोबाईलवर एक टेस्ट दिली होती, तुमची शिकायची स्टाईल कोणती वगैरे, त्यात आलं 'व्हिज्युअल'. मग काय, मी व्हिज्युअल म्हणून रात्री जागून व्हिडिओ. प्रोग्रामचे कोड, जी झिरो झिरो रॅपिड म्हणजे टूल न कापता जोरात पळणार, जी झिरो वन कटिंग फीड म्हणजे कापत हळू जाणार, एम झिरो थ्री स्पिंडल चालू म्हणजे धातूचा तुकडा फिरायला लागणार, सगळं बघताना एकदम सोपं, आणि सकाळी उद्यमनगरात मशीनसमोर उभं राहिलं की डोकं कोरी पाटी.

तुम्ही पहिल्या आठवड्यात मला काहीच शिकवलं नाही. जॉब, म्हणजे मशीनवर केलेले तुकडे, पुसायला लावले, आणि एक दिवस चहा पिताना विचारलं, "मागावर कुणी शिकवलं तुला?" म्हटलं आबांनी. "काय सांगायचे आबा?" आणि मी विचारात पडलो, कारण आबा काहीच सांगायचे नाहीत. शेडमध्ये एवढी खटखट की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, सगळा कारभार हाताच्या खुणांवर. तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला मी कधी शिकलो ते मला आठवतसुद्धा नाही, एका मागावर गाठ मारत असताना डोळे दुसऱ्या मागावर असायचे आणि कान तिसऱ्यावर, कुठला तरी माग बिघडला की त्या सगळ्या गोंगाटातून त्याचा आवाज वेगळा यायचा. तुम्ही ऐकून घेतलं, कप ठेवला आणि म्हणालात, "मग तुला शिकायला येतंय की. हितं बी तेच करायचं."

त्यानंतर सुरू झालं ते 'आधी तोंडानं सांग, मग बटन दाब'. मशीन सिंगल ब्लॉकवर टाकायची, म्हणजे एक ओळ झाली की थांबणार, आणि प्रत्येक ओळीला सायकल स्टार्ट दाबायच्या आधी मी बोलायचं की आता टूल कुठं जाणार, रॅपिडनं की फीडनं, एक्समध्ये म्हणजे जाडीच्या दिशेनं की झेडमध्ये म्हणजे लांबीच्या दिशेनं. गप्प राहिलो तर तुम्ही पण गप्प, मालक मागून येरझाऱ्या घालतोय तरी गप्प. मोजमापाचं पण तेच. व्हर्निअर लावायच्या आधी अंदाज सांगायचा. डाया, म्हणजे व्यास, चाळीस मिलिमीटर पाहिजे आणि मायक्रोमीटरवर चाळीस पॉइंट झिरो सिक्स आलं तर काय करशील? साध्या लेथवर काम केलेला माणूस पटकन अर्धं करतो, कारण तिथं बऱ्याच मशीनवर डायल जेवढी फिरवू त्याच्या दुप्पट डाया कमी होतो. इथं एक्स डायामध्येच असतो, म्हणून वेअर ऑफसेटला, म्हणजे टूलची झीज भरून काढायच्या आकड्याला, यू (एक्समधला फरक) मायनस पॉइंट झिरो सिक्स, पूर्ण साठ मायक्रॉन, अर्धं नाही. हे मी व्हिडिओत चार ठिकाणी बघितलेलं होतं, पण डोक्यात बसलं ते तुम्ही "का? का अर्धं नाही?" असं तीनदा विचारल्यावर.

आणि आवाज! त्याबद्दल तर वेगळं पत्र लिहायला पाहिजे. फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग, वरचा थर कडक, कुठंतरी वाळू चिकटलेली, पहिल्या कटला कर्रर्र करत जाणार, दुसऱ्या कटला आवाज मऊ. तुम्ही मला मशीनकडं पाठ करून उभं केलं होतं, आठवतंय? "इन्सर्ट गेलाय का सांग, बघायचं न्हाई." इन्सर्ट म्हणजे टूलच्या टोकाला बसवलेला बदलता येणारा धारेचा तुकडा. बाकीची पोरं हसत होती. पण मला चार-पाच जॉबमध्येच फरक ऐकू यायला लागला, इन्सर्टची धार गेली की आवाजाला एक किरकिर येते, मग डाया हळूहळू वाढायला लागतो आणि फिनिश जातं. बिडाचा बुरा पडतो पावडरसारखा, स्टीलची चिप लांब गुंडाळी होऊन येते, तिचा रंग बघायचा, हे पण तुम्हीच दाखवलं. ज्या कानाला मी अडाणी समजत होतो तोच माझा सगळ्यात तयार अवयव निघाला.

आता तुम्ही म्हणाल, मग तू कानाचा माणूस. मी पण तेच धरून चाललो होतो, पण टूलच्या नोज रेडियसचं कॉम्पेन्सेशन, म्हणजे टोकाच्या गोलाईचा हिशोब, आलं आणि कान काही कामाला येईना. पॉइंट आठचा रेडियस टेपरवर, म्हणजे निमुळत्या भागावर, नक्की किती मटेरियल सोडतो हे मला वहीत मोठं चित्र काढल्याशिवाय समजलंच नाही. गोलाईत कापायला जी झिरो टू घड्याळाच्या दिशेनं आणि जी झिरो थ्री उलट हे पाठ होतं, पण टरेट, म्हणजे टूल धरणारं फिरतं डोकं, मागं आहे की पुढं यावर डोळ्याला दिशा उलटी दिसते, ते सुटलं हवेत हात फिरवून. म्हणजे एकाच माणसाला एका गोष्टीला कान, दुसरीला कागद आणि तिसरीला हात लागला.

परवा यावर थोडं वाचलं. ती टेस्ट ज्या प्रकारावरून निघाली तो न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंगनं १९९२ मध्ये एका सहकाऱ्यासोबत मांडला होता, बघणारे, ऐकणारे, वाचणारे-लिहिणारे आणि करून शिकणारे. पुढं २००८ मध्ये अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी तोवरचे अभ्यास तपासले आणि ज्याच्या त्याच्या प्रकाराप्रमाणं शिकवलं की जास्त येतं याला धड पुरावा मिळत नाही असं लिहिलं. लोकांना आवड असते हे खरं, पण आवडीचा रस्ता सोपा वाटतो म्हणून तो पोचवतोच असं नाही. २००६ चा एक प्रयोग तर तुमच्यासाठीच केल्यासारखा आहे मामा. रोडिगर आणि कार्पिके म्हणून दोघांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले, काहींनी पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढं, आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढं. माझे रात्रीचे व्हिडिओ आणि तुमचं 'आधी सांग', बरोबर हेच की.

माझी स्टाईल म्हणायचीच असेल तर ती एवढीच, पुढं काय होणार ते आधी बोलून टाकायचं आणि मग मशीनला विचारायचं खरं की खोटं. हे मला कुठल्या टेस्टनं सांगितलं नव्हतं.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी माझं अजून जमत नाही. डायरी ठेवू देत नव्हता ते काही मला पटलं नाही. ऑफसेटचे आकडे, कुठल्या जॉबला कुठला इन्सर्ट, हे लिहून ठेवायलाच पाहिजे, डोक्यात ठेवायची हौस कशाला? मी पोरांना डायरी कंपल्सरी केलीय. फक्त मशीनवर बोलताना ती मिटलेली पाहिजे.

आणि नवीन पोरगा आला की मी पण आधी चहा पाजून विचारतो, याआधी काय शिकलायस आणि ते कसं आलं. एकजण तालमीतला आहे, त्याला तोंडी सांगितलेलं लागत नाही, दोनदा करून दाखवलं की तिसऱ्यांदा तो बरोबर करतो, आणि मग 'का' विचारलं की त्याची बोबडी वळते, त्याच्यावर तिथंच काम चालू आहे. दुसरी एक पोरगी आहे डिप्लोमावाली, ती मलाच 'का' विचारते आणि माझीच बोबडी वळते.

थँक्यू मामा. मालकाची बोलणी स्वतः खाल्लीत आणि मला वेळ दिला, ते मला तेव्हा कळलं नव्हतं, नंतर बाकीच्यांकडून कळलं.

रविवारी येतोय, मामींना सांगून ठेवा. आटे पाडायच्या जी सेव्हन्टी सिक्स कोडच्या दुसऱ्या ओळीत थ्रेडची उंची रेडियसमध्ये का द्यायची यावर ती पोरगी मला सोडेना, एक्स डायामध्ये आणि हे वेगळं का म्हणून. तुम्ही उत्तर देणार नाही, आधी मलाच सांगायला लावणार, म्हणून बसमध्ये तयारी करूनच येतो.